उघडा तळवा आणि वळलेली मूठ

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



मुलींच्या स्वसंरक्षण वर्गाचा पहिला दिवस पाहण्यासारखा असतो. प्रशिक्षक सर्वांना रांगेत उभे करतात आणि म्हणतात, ‘मूठ वळा.’ मुली मूठ वळतात, आणि त्यांतल्या कित्येकींचा अंगठा बोटांच्या आत दडलेला असतो. अशा मुठीने कोणाला मारले तर समोरच्याचे काही बिघडण्याआधी मारणारीचा अंगठा मोडतो. दहा-बारा वर्षांच्या आयुष्यात या मुलींना हाताने काढायला, लिहायला, शिवायला, पोळी लाटायला, टाळी वाजवायला शिकवलेले असते. मूठ वळायला कोणी शिकवलेले नसते. त्यांच्या भावांना तरी कोणी शिकवलेले असते असे नाही. पण मैदानावरच्या भांडणांत ते आपसूक शिकलेले असतात.

हा वर्ग सुरू झाला तेव्हा पालकांकडून दोन प्रकारच्या तक्रारी आल्या. काही जण म्हणाले, शाळेत मुलींना मारामारी कशाला शिकवता? काही जण नेमके उलट म्हणाले: दोन महिने झाले, अजून मुलींना एक ठोसासुद्धा मारायला शिकवलेले नाही, नुसते पडायला, सुटायला आणि ओरडायला शिकवतात, हे कसले स्वसंरक्षण? दोन्ही तक्रारी काळजीपोटीच आल्या होत्या. पहिल्या तक्रारीला उत्तर देणे सोपे आहे. दुसऱ्या तक्रारीत मात्र फार जुना प्रश्न दडलेला आहे. लढणाऱ्याने हात उघडा ठेवावा की मिटावा? आजच्या व्याख्यानाचा विषय तोच.

प्रारंभी भाषेकडे पाहावे, कारण मराठी शाळेत तो मोह आवरत नाही. उघड्या हाताने मारण्याला मराठीत किती शब्द आहेत! चापट, चपराक, थप्पड, टपली, धपाटा. आणि ‘मुस्काटात’, ‘थोबाडीत’ म्हटले की मारणे हा शब्द उच्चारायचीही गरज राहत नाही. मिटलेल्या हाताला त्या मानाने थोडे: गुद्दा, बुक्की, ठोसा. जबलपूरच्या मैदानावर तर मुले या तिन्हींऐवजी सर्रास ‘मुक्का’ म्हणतात, आणि घरी आजीने ‘बुक्की’ म्हटले की हसतात. मारण्याचा प्रत्येक शब्द नात्याचे काहीतरी सांगतो. टपली प्रेमाची, धपाटा आईचा, चपराक अपमानाची. त्यातही धपाटा हा शब्द पाठीवरही पडतो आणि तव्यावरही. दोन्हींना तळवाच लागतो. मूठ मात्र नाते सांगत नाही. ती एक तर एकीची असते, नाही तर वैराची; किंवा झाकलेली, सव्वा लाखाची.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातला कंसाच्या आखाड्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. कृष्णाने चाणूराला मारले, बलरामाने मुष्टिकाला. त्यातला एक तपशील मात्र कीर्तनात सहसा येत नाही. मुष्टिक हा नावाप्रमाणेच मुठीचा मल्ल. तो बलरामावर मुठीने प्रहार करतो, आणि बलराम त्याला उत्तर देतो ते उघड्या तळव्याच्या तडाख्याने. मुष्टिक रक्त ओकत कोसळतो. पुराणकाराला येथे तळव्याचा महिमा सांगायचा आहे असे वाटत असतानाच पुढचा मल्ल, कूट, अंगावर येतो. आणि त्याला बलराम डाव्या हाताच्या मुठीने, सहज खेळल्यासारखा, ठार करतो. म्हणजे ज्याचे नावच मूठ त्याला तळवा, आणि दुसऱ्याला मूठ, तीही डाव्या हाताची. हे रचणाऱ्याला आखाड्याची चांगली जाण असावी. हाताला एकच आकार कायमचा नसतो, हे त्याला ठाऊक होते.

महाराष्ट्राच्या मातीतली कुस्ती ही मुख्यतः उघड्या हाताची विद्या आहे. पैलवान हौद्यात उतरतो तेव्हा प्रथम मातीला हात लावून तो कपाळी नेतो. मग शड्डू ठोकतो; मांडीवर आणि दंडावर पडणारा तो आवाज मोकळ्या पंजाचा असतो, मुठीने शड्डू निघतच नाही. सलामी झडते, दोघे एकमेकांच्या अंगाला माती लावतात, म्हणजे घामाने पकड निसटू नये. लढणाऱ्यांनी एकमेकांना पकड मिळवून द्यायची, ही या खेळाची रीत नवख्या माणसाला चकित करते. त्यानंतर चालते ती खडाखडी. हाताला हात भिडतात, मनगटे चाचपली जातात, मानेवर पंजा पडतो, समोरच्याचा तोल कुठे आहे त्याचा अंदाज घेतला जातो. हे सगळे काम बोटांच्या टोकांनी आणि तळव्याने होते. मूठ वळली की त्वचेला जे कळते ते कळेनासे होते. ढाक, धोबीपछाड, कलाजंग, एकेरी पट, कोणताही डाव घ्या. त्यात हात समोरच्याला धरतो, ओढतो, उचलतो, पण ठोसत नाही. ठोसा मारणे हा कुस्तीत गुन्हा आहे. जपानच्या सुमो कुस्तीतही मुठीने मारणे निषिद्ध आणि तळव्याचा तडाखा मान्य आहे. मुष्टियुद्धात मात्र नियम बरोबर उलटा: तिथे हातमोज्याच्या उघड्या, आतल्या बाजूने फटका मारला तर पंच ताकीद देतात. एकाचा नियम तो दुसऱ्याचा गुन्हा. यावरून कोणता खेळ सभ्य आणि कोणता रानटी हे ठरवण्याचा मोह टाळलेला बरा.

व्यायामातही हाच फरक दिसतो. तालमीतले जोर तळवे जमिनीला टेकवून काढतात. कराटेच्या वर्गात पुष्कळदा तोच व्यायाम मुठींवर करवून घेतात, म्हणजे मनगट ताठ राहण्याची सवय होते आणि बोटांचे सांधे कणखर होतात. ज्या हाताला पुढे पकडायचे आहे त्याची तयारी एक, आणि ज्याला आदळायचे आहे त्याची दुसरी.

मल्लखांब ही याच विद्येची एक शाखा. तिची कथा परंपरेने अशी सांगितली जाते की दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या दरबारात अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल आव्हान घेऊन आले. त्यांच्याशी लढायला कोणी पुढे येईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने काही दिवसांची मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर साधना केली, लाकडी खांबावर डावांचा सराव करण्याची युक्ती शोधली आणि परत येऊन अलीला चीत केले. कथेतला दैवी भाग बाजूला ठेवला तरी युक्ती खरी आहे. खांब हा न थकणारा, न चुकणारा जोडीदार. एरंडेल लावलेल्या खांबावर हात उघडा राहिला, पंजा पसरला, तरच शरीर टिकते. १८१८ नंतर पेशवे कानपूरजवळच्या बिठूरला गेले आणि ही विद्याही त्यांच्याबरोबर गंगेच्या काठी गेली. त्याच बिठूरच्या वाड्यात मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका वाढली. नानासाहेबांच्या बरोबरीने तिनेही तलवार, घोडा आणि मल्लखांब यांचे धडे घेतले, असे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

जबलपूरला या मनकर्णिकेची ओळख वेगळ्या वाटेने आहे. तिच्यावरची हिंदीतली सर्वांत प्रसिद्ध कविता लिहिणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान याच शहरात राहिल्या आणि येथूनच सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेल्या. मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळांत मुलींना जे स्वसंरक्षणाचे प्रशिक्षण दिले जाते त्याला राणी लक्ष्मीबाईचेच नाव आहे, आणि २०१३ साली राज्याने मल्लखांबाला राज्यखेळाचा दर्जा दिला. म्हणजे बिठूरचा खांब आणि बिठूरची राणी, दोघेही या राज्याच्या शिक्षणात आहेत. फक्त ते एकाच अंगणातले, हे फारसे कोणी मुलांना सांगत नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचेही तसेच. १९१४ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत अमरावती आणि जबलपूर एकाच राज्यात होती. या शहरातल्या मराठी माणसांना अमरावती तेव्हा आजच्याइतकी परकी नव्हती.

मग मूठ आपल्याकडे नव्हतीच काय? होती, आणि भयंकर होती. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. गुजरातेतल्या मोढेऱ्याशी नाते सांगणाऱ्या ज्येष्ठीमल्लांच्या घराण्यांनी वज्रमुष्टीची विद्या जपली. बोटांत अडकवायचे शिंगाचे किंवा हस्तिदंताचे टोकदार आयुध, आणि ते धरून लढायचे. बडोद्याच्या गायकवाडांनी आणि म्हैसूरच्या वाडियारांनी या मल्लांना आश्रय दिला. म्हैसूरच्या दसऱ्यात विजयादशमीच्या दिवशी आजही वज्रमुष्टी काळग होते. मुंडन केलेले जेट्टी समोरासमोर उभे राहतात आणि डोक्यावर रक्ताचा पहिला थेंब दिसताच लढत थांबते. पाहणाऱ्याला ती क्षणात संपल्यासारखी वाटते. आज मराठीत ‘वज्रमूठ’ हा शब्द सभेच्या फलकावर येतो आणि एकजुटीचा अर्थ देतो; मूळ वज्रमुष्टी मात्र एकट्याची होती आणि रक्त काढण्यासाठी होती.

वाघनखांचा प्रकार या दोहोंच्या मधला. दोन अंगठ्या बोटांत आणि नख्या तळव्याच्या आत. मूठ मिटली की शस्त्र दिसत नाही, हात उघडला की ते जागे होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे २०२४ च्या जुलैत सातारच्या संग्रहालयात पाहण्यासाठी आली तेव्हा ती हीच की दुसरी, यावर पुष्कळ वाद झाला. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. मुलांना दाखवण्याजोगी गोष्ट एवढीच की त्या वस्तूच्या रचनेतच मिटणे आणि उघडणे दोन्ही आहे.

आता या विषयातला शाळेशी सर्वांत जवळचा भाग. कराटे ही आज शहराशहरांत, गल्लीगल्लीत शिकवली जाणारी विद्या ओकिनावा बेटावरची. तिचे मूळ रूप गुप्त, रात्री, घराच्या परसात, एका गुरूने एक-दोन शिष्यांना देण्याचे होते. त्यात चीनकडून आलेल्या हालचाली पुष्कळ होत्या आणि त्यांत हात बऱ्याचदा उघडा असे: तळव्याची कड, बोटांची टोके, तळव्याची टाच. १९०१ साली आन्को इतोसू या ज्येष्ठ गुरूंनी ही विद्या शुरी येथील प्राथमिक शाळेत आणली. पुढे त्यांनी मुलांसाठी ‘पिनान’ नावाचे पाच पाठ रचले आणि १९०८ साली शिक्षण खात्याला दहा मुद्द्यांचे पत्र लिहिले. एखाद्या युद्धविद्येचा शालेय अभ्यासक्रम होण्याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळा. याच सुमारास नाहा गावचे गुरू कान्र्यो हिगाओन्ना यांनी ‘सांचिन’ हा मूळचा उघड्या हाताचा पाठ मिटलेल्या मुठींनी शिकवायला सुरुवात केली, असे त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगतात. दुसऱ्या एका घराण्यात, उएची-र्यूमध्ये, तोच सांचिन आजही उघड्या हाताने करतात. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर एकच कविता दोन चालींवर म्हटल्यासारखे वाटते.

हात का मिटला? कराटेच्या अभ्यासकांमध्ये पुष्कळदा मांडला जाणारा तर्क असा की शाळा हेच त्याचे कारण. ताठ बोटे समोरच्याच्या डोळ्यात किंवा गळ्यात जाऊ शकतात. पन्नास मुले एकाच वेळी मैदानात हात चालवणार, गुरू एक. अशा वर्गात बोटे मिटून ठेवलेलीच बरी. शिवाय मूठ शिकवायला सोपी, लांबूनही बरोबर-चूक दिसते, आणि कवायतीत शोभते. हा तर्क मान्य केला तर एक विचित्र गोष्ट हाती येते. बाहेरच्या जगाला मूठ हे कराटेच्या उग्रतेचे चिन्ह वाटते. पण ती मूठ कदाचित मुलांच्या सुरक्षिततेसाठी वळली गेली होती. आजच्या कराटे स्पर्धांतही चेहऱ्यावर उघड्या हाताचा प्रहार निषिद्ध आहे, आणि मुठीचा नियंत्रित प्रहार मान्य आहे. त्याचेही कारण डोळेच. इतोसूंचे शिष्य गिचिन फुनाकोशी, ज्यांनी १९२२ साली तोक्योत प्रात्यक्षिक करून ही विद्या जपानच्या मुख्य बेटांवर नेली, ते पेशाने शिक्षक होते. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो तर तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे कित्येक वर्षे प्राचार्य होते. वर्गात काय नेता येते आणि काय घराच्या परसातच ठेवावे लागते, हा निर्णय या लढवय्यांनी शिक्षक म्हणून घेतला.

पण वर्गातली सोय आणि रस्त्यावरची गरज एक नसते. येथे हाताच्या हाडांचा विचार करावा लागतो. एका हातात २७ हाडे: मनगटात ८, तळव्यात ५, बोटांत १४. करंगळीमागचे तळव्याचे हाड बारीक असते. न शिकलेल्या माणसाने रागाच्या भरात भिंतीवर किंवा कोणाच्या कपाळावर मूठ आपटली की बहुधा तेच मोडते. अस्थिरोगतज्ज्ञ त्याला मुष्टियोद्ध्याचा अस्थिभंग म्हणतात, जरी मुरलेल्या मुष्टियोद्ध्यांपेक्षा तो अशा रागावलेल्यांनाच अधिक होतो. कवटीसारखे कठीण हाड आणि बोटांसारखी नाजूक हाडे यांच्या टकरीत कोण हरणार हे सांगायला नको. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी मुष्टियुद्धात हातमोजे आले ते समोरच्याच्या चेहऱ्याची दया येऊन, असा समज आहे. प्रत्यक्षात मोजा मारणाऱ्याच्या हातालाही तितकाच जपतो. चांगली मूठ तर्जनी आणि मध्यमेच्या सांध्यांनी बसली पाहिजे, अंगठा बाहेर, मनगट सरळ. हे नीट अंगी बाणायला महिने लागतात. तळव्याची टाच, म्हणजे मनगटाला लागून असलेला मांसल भाग, मात्र देवाने आधीच गादी लावून दिलेला आहे. बाहूची सारी हाडे त्याच्यामागे एका रेषेत येतात. दार ढकलताना, अडकलेली खिडकी उघडताना प्रत्येक मुलगी तो वापरतच असते. तीन महिन्यांच्या वर्गात जे शिकवायचे ते शरीराला आधीच ठाऊक असलेल्यातून निवडावे, हा या शाळेच्या प्रशिक्षकांचा आग्रह आहे आणि तो योग्य आहे.

उघड्या हाताची भलामण सर्वत्र चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. पडताना माणूस हात पुढे पसरतो आणि साऱ्या अंगाचा भार तळव्यावर घेतो. मनगट मोडण्याचे ते नेहमीचे कारण. ज्यूदोत म्हणून सर्वांत आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि तळव्यापासून कोपरापर्यंतचा सगळा हात एकदम जमिनीवर थापायचा, म्हणजे आघात पसरतो. मुली दोन महिने ‘नुसते पडायला’ शिकत होत्या ते हे. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या, स्कूटर, बसचे दार. आयुष्यात हल्लेखोर न भेटलेली मुलगीसुद्धा दहा वेळा पडणार आहे.

ज्यूदोचा उल्लेख आला की जबलपूर जिल्ह्यातल्या एका मुलीचे नाव घ्यावेच लागते. सिहोऱ्याकडच्या एका खेड्यातली जानकी गौड लहानपणी आजारात दृष्टी गमावून बसली. दृष्टिहीन मुलींना स्वसंरक्षण म्हणून ज्यूदो शिकवण्याचा जो उपक्रम या भागात स्वयंसेवी संस्थांनी चालवला त्यात ती शिकली आणि २०१७ साली ताश्कंदच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले. पुढे २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये याच राज्यातल्या सिहोरच्या (सिहोरा नव्हे!) कपिल परमारने भारताला ज्यूदोतले पहिले पॅरालिंपिक पदक मिळवून दिले. या खेळाचा एक नियम मुद्दाम सांगण्यासारखा आहे. दृष्टिहीनांच्या ज्यूदोत दोघांनी एकमेकांच्या पोशाखावर पकड घेतल्यानंतरच पंच लढत सुरू करतात. दिसत नसलेल्या प्रतिस्पर्ध्याचा तोल, त्याचा श्वास, त्याचा पुढचा डाव, सगळे तळव्यातून वाचायचे. खडाखडीत आपले पैलवान अर्धे जे करतात तेच ही मुले पूर्ण करतात.

आता जुन्या विद्यार्थ्यांसाठी थोडी कडू आठवण. या सभागृहात बसलेल्या, साठी-सत्तरीला आलेल्या माजी विद्यार्थ्यांना ‘हात पुढे कर’ हे शब्द विसरता येणार नाहीत. शाळेत उघडा तळवा म्हणजे छडी झेलण्याची जागा होती. ज्याने हात मागे घेतला त्याला एक जास्त. हिवाळ्याच्या सकाळी मुले वर्गाबाहेर हात चोळून ऊब आणून ठेवत, कारण गारठलेल्या बोटांवर छडी अधिक झोंबते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला मनाई केली, आणि छडी कपाटातून गेली. ती कायद्याने गेली, मनाने सर्वत्र गेली असे म्हणण्याचे धाडस कोणत्याही शाळेने करू नये. पण शाळेने मुलांना दीर्घकाळ जे शिकवले ते हेच होते की मोठ्या माणसाने सांगितले की हात उघडून, न हलता, उभे राहायचे. आज त्याच शाळेला मुलींना सांगायचे आहे की मोठ्या माणसाने सांगितले तरी हात मागे घेता येतो. हा पालट सोपा नाही, आणि तो केवळ मैदानावर होणारही नाही.

कारण मुलींच्या स्वसंरक्षणाची कल्पना करताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अंधारी गल्ली आणि अनोळखी पुरुष येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल वेगळे सांगतात. अत्याचाराच्या नोंदल्या गेलेल्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा. अनोळखी माणसाला ठोसा मारण्याची कल्पना एखादी मुलगी करू शकेल; ज्याच्या पाया पडायला आईने शिकवले त्याच्यावर मूठ उगारण्याची कल्पना ती करू शकत नाही. तिथे मूठ वळण्याच्या कितीतरी आधी हात उपयोगी पडावा लागतो. म्हणून वर्गात पहिली स्थिती शिकवतात ती अशी: दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर, समोर, उघडे, एक पाय मागे, आणि आवाज मोठा, ‘नको’, ‘थांबा’. पाहणाऱ्याला ती भांडण थांबवणारी मुद्रा दिसते, पण हात मध्ये आलेले असतात, अंतर राखले जाते आणि तिथूनच ढकलताही येते. मनगट धरले तर बोटे पसरायची आणि पकडणाऱ्याचा अंगठा व बोटे जिथे जुळतात त्या फटीतून हात फिरवून काढायचा, कारण पकडीत तीच जागा दुबळी असते. आणि मग पळायचे. पळणे हा धड्याचा शेवट नसून धड्याचा मुख्य भाग आहे, असे प्रशिक्षक दर वेळी सांगतात, आणि मुली दर वेळी हसतात.

कायदाही या बाजूने स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराच्या बचावाचा हक्क देतात. त्या हक्काला एक मर्यादा अशी की बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करू नये. निसटणारा हात आणि ढकलणारा तळवा त्या मर्यादेत सहज राहतात.

पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तीन महिन्यांच्या वर्गाने मुलगी सुरक्षित होत नाही. घरी येऊन ती काही सांगू लागली आणि ऐकणाऱ्याने ‘असे काही नसते, ते काका तसे नाहीत’ म्हटले, तर मैदानावर जे कमावले ते तिथेच संपते. ज्या घरात ‘नको’ म्हणणाऱ्या मुलीला उद्धट ठरवले जाते त्या घरातल्या मुलीला प्रशिक्षक कोणताही डाव शिकवू शकत नाहीत. हे बोलणे महोत्सवाच्या व्यासपीठावर रुक्ष वाटेल. पण साठ वर्षांची शाळा स्वतःच्या पालकांशी एवढे मोकळे बोलू शकत नसेल तर तिच्या वयाचा उपयोग काय?

यंदापासून वर्गाची रचना अशी ठरली आहे. जून ते दिवाळी पडणे, सुटणे, उभे राहण्याची स्थिती आणि आवाज. दिवाळीच्या सुट्टीनंतर तळव्याची टाच. संक्रांतीनंतर, ज्यांना पुढे शिकायचे आहे त्यांच्यासाठी मूठ: अंगठा बाहेर, मनगट सरळ, आणि आधी उशीवर. मूठ शिकवायचीच नाही असे शाळेचे म्हणणे कधीच नव्हते. ज्या मुलीला कराटे किंवा मुष्टियुद्ध खेळ म्हणून आवडेल तिला शहरातल्या प्रशिक्षकांकडे पाठवायला शाळा आनंदाने मदत करील.

आणि वर्ग यंदापासून मुलांसाठीही आहे. पालकांनी त्याचेही कारण विचारले. मुलांना मारायला शिकवण्याची गरज नाही. त्यांना पकड शिकवतात, कुस्तीची आणि ज्यूदोची, आणि त्याबरोबर पकड सोडणे. सरावात जोडीदाराला सहन होईनासे झाले की तो तळव्याने जमिनीवर किंवा समोरच्याच्या अंगावर दोन थापा मारतो. थाप ऐकू आली की पकड त्याच क्षणी सुटली पाहिजे. ‘एवढ्यात काय झाले’ असे विचारायचे नाही, आणखी एक क्षण धरून ठेवायचे नाही, नंतर चिडवायचे नाही. पहिल्या आठवड्यात मुलांना दुसरे काहीही शिकवले जात नाही. जोड्या लावतात, पकड घेतात, दोन थापा पडतात, पकड सुटते; आणि पुन्हा पहिल्यापासून.